आधी सील पाहा!

घरी गॅसचा नवा सिलिंडर आला की काय काय होतं, ते कधी नीट पाहिलंय? सिलिंडर आणणारे काका आधी त्याच्या तोंडावरचं प्लास्टिकचं सील दाखवतात. ते धड आहे ना, हे आईनं पाहिलं की मगच ते तोडतात. खालची टोपी निघते. आत डोकावलं की एक बारीकसं काळं रबरी कडं दिसतं. ते जागेवर आहे ना, गॅस फुसफुसत नाही ना, याची खात्री करायची आणि मगच रेग्युलेटर बसवायचा.

मित्र-मैत्रिणींनो, एकाच सिलिंडरवर ही दोन सीलं झाली. आणि दोघांची कामं अगदी निराळी! वरचं प्लास्टिकचं सील गॅसला अडवत नाही. लहान मूलसुद्धा ते तोडू शकेल. मग त्याचा उपयोग काय? ते फक्त सांगतं, ‘भरून निघाल्यापासून या सिलिंडरला कुणी हात लावलेला नाही.’ आतलं रबरी कडं काहीच सांगत नाही. ते मुकाट्यानं गॅस अडवून धरतं. म्हणजे पहिलं सील साक्षीदार आणि दुसरं पहारेकरी.

जगात सीलांचे शेकडो प्रकार आहेत, पण बहुतेक सगळे या दोन घराण्यांतले. तुम्ही म्हणाल, साक्षीदारापेक्षा कुलूप काय वाईट? वाईट नाही, पण कुलपाचं काम वेगळं. कुलूप चोराला अडवतं. सील चोराला अडवत नाही, चोर येऊन गेल्याची खबर देतं. आणि ही खबर कुणीतरी पाहिली तरच उपयोगाची! न पाहिलेलं सील म्हणजे न वाचलेलं पत्र.

चला, या दोन्ही घराण्यांची ओळख करून घेऊ. त्यासाठी इतिहासात जाऊ, विहिरीच्या पोटात शिरू, जंगलात फिरू. पण शेवटी परत यायचं ते आपल्या यवतमाळ जिल्ह्यात. कारण बाटलीवरची, पिशवीवरची एक खूण पाहणं किंवा न पाहणं किती महत्त्वाचं असतं, हे आपल्या जिल्ह्यानं अनुभवलेलं आहे.

राणीच्या नावाची माती

नागपूर जिल्ह्यात रामटेकजवळ नगरधन नावाचं गाव आहे. दीड हजार वर्षांपूर्वी इथं नंदिवर्धन ही वाकाटक राजांची राजधानी होती. वाकाटकांची दुसरी शाखा वत्सगुल्मला, म्हणजे आपल्या पुसदच्या शेजारच्या वाशिमला नांदत होती. नगरधनला २०१५ ते २०१८ या काळात पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि राज्याचा पुरातत्त्व विभाग यांनी उत्खनन केलं. त्यात मातीचा एक लहानसा लंबगोल तुकडा मिळाला. वजन अवघं ६.४ ग्रॅम, लांबी साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास. त्यावर शंखाचं चित्र आणि ब्राह्मी लिपीत एक नाव : प्रभावतीगुप्त!

ही प्रभावती म्हणजे गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची मुलगी आणि वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याची राणी. राजा लवकर वारला. मुलं लहान होती. तेव्हा राज्याचा कारभार तिनं स्वतः हाती घेतला. सापडलेला तुकडा हा तिच्या मुद्रेचा मातीवर उठवलेला ठसा आहे.

असे ठसे कशाला उठवत? समजा, एक पत्र किंवा गाठोडं पाठवायचं आहे. ते दोरीनं बांधायचं. गाठीवर ओल्या मातीचा गोळा थापायचा. त्यावर मुद्रा दाबायची. माती वाळली की झालं सील! आता गाठ सोडायची तर माती फुटणारच. चोर नवी माती आणू शकेल, नवी दोरी आणू शकेल. पण तसाच ठसा उठवायला राणीची मुद्रा हवी. आणि ती तर राणीपाशी!

ही युक्ती प्रभावतीच्या काळातसुद्धा जुनीच होती. सिंधू संस्कृतीच्या दगडी मुद्रा तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात पाहिल्या असतील. गुजरातमधल्या लोथल इथं चार हजार वर्षांहून जुन्या कोठारात मातीचे असे ठसे सापडले. त्यांच्या एका बाजूला मुद्रेचं चित्र आहे आणि मागच्या बाजूला? मागच्या बाजूला दोरीचे, कापडाचे, चटईचे वळ! आतलं सामान कधीच कुजून गेलं. पण ते कशात बांधलं होतं, हे मातीनं अजून लक्षात ठेवलंय.

जुन्या राजांच्या ताम्रपटांचंही तसंच. एखाद्याला जमीन दान दिली की त्याचा मजकूर तांब्याच्या पत्र्यांवर कोरत. पत्रे दोन-चार असले तर त्यांना भोक पाडून एका कडीत ओवत आणि कडीवर राजाची मुद्रा बसवत. म्हणजे मधलाच एखादा पत्रा गुपचूप काढता येऊ नये, की नवा घुसडता येऊ नये!

शिक्का आणि मोर्तब

‘त्या निर्णयावर शिक्कामोर्तब झालं,’ असं आपण सहज म्हणतो. पण हे मोर्तब म्हणजे काय?

छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळातलं पत्र पाहिलं तर त्यात दोन ठसे दिसतात. पत्राच्या माथ्याशी मोठी मुद्रा असते. महाराजांची अष्टकोनी राजमुद्रा तुम्हाला ठाऊकच आहे. त्या वेळी अनेक सरदारांच्या मुद्रा फार्सीत असत. महाराजांची मुद्रा मात्र संस्कृतात. प्रतिपदेच्या चंद्राप्रमाणे वाढत जाणारी ही मुद्रा लोकांच्या कल्याणासाठी आहे, असा तिचा आशय. २ सप्टेंबर २०२२ रोजी भारतीय नौदलाला नवा ध्वज मिळाला. त्यावरचा अष्टकोन याच मुद्रेवरून घेतलेला आहे.

पत्र जिथं संपतं तिथं दुसरा, लहान ठसा असतो. तेच मोर्तब. ‘पत्राची मर्यादा इथं संपली’ असा त्याचा अर्थ. आहे की नाही हुशारी? वरचा शिक्का सांगतो, पत्र कुणाचं आहे. खालचं मोर्तब सांगतं, पत्र कुठं संपलं. ‘अमक्याला एक गाव द्यावे’ या ओळीखाली कुणी लबाडानं ‘आणि आणखी दोन द्यावीत’ असं लिहिलं, तर ते मोर्तबाच्या खाली गेलं. म्हणजे पकडलंच!

मातीच्या ठशांप्रमाणे लाखेचीही सीलं असत. ही लाख कुठून येते, माहीत आहे? लाखेचा किडा मुंगीपेक्षाही बारीक असतो. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर हे किडे दाटीनं बसतात, रस शोषतात आणि अंगाभोवती चिकट राळेसारखं कवच तयार करतात. ते कवच म्हणजेच लाख. पळसाला पानं तीनच असतात, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत. पण सरकारी पाकिटावरच्या लाल गोळ्याचं मूळ याच पळसावर असू शकतं, हे किती जणांना माहीत असेल? लाख तापली की वितळते, ठसा घेते आणि थंड झाली की काचेसारखी कडक होते. वाकवायला गेलात तर तडकते. आपल्याला वाटेल हा तिचा दोष. पण साक्षीदाराच्या नोकरीत तडकणं हाच मोठा गुण!

हे सगळं राजेरजवाड्यांचं झालं, असं मात्र समजू नका. दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेत प्रश्नपत्रिकांचं सीलबंद पाकीट विद्यार्थ्यांना दाखवून, त्यांच्यापैकी दोघांच्या सह्या घेऊन मग फोडतात. तिथं सही करणारा विद्यार्थी म्हणजे त्या क्षणापुरता राज्याचा साक्षीदार. निवडणुकीत मतदान यंत्राला हिरव्या कागदाची एक पट्टी लावतात. तिच्यावर मतदान केंद्राध्यक्षांची सही असते आणि उमेदवारांचे प्रतिनिधीही सह्या करू शकतात. एरवी एकमेकांचे विरोधक, पण पट्टीवर सह्या शेजारी शेजारी! कारण साक्षीदार एकमेकांचे विरोधक असले तर साक्ष जास्तच पक्की.

हापशीच्या पोटातली वाटी

आता दुसरं घराणं, पहारेकऱ्यांचं. हे लोक नजरेआड राहतात. कुकरच्या झाकणातली रबरी रिंग, नळातलं वायसर, धरणाच्या लोखंडी दरवाजांच्या कडेची रबरी पट्टी. जोवर काम नीट चाललंय, तोवर त्यांची कुणाला आठवण नसते.

गावातल्या हापशीचंच पाहा. हापशी म्हणा, हातपंप म्हणा, की आपल्याकडे म्हणतात तसं बोरिंग म्हणा. भारतभर दिसणाऱ्या या पंपाचं नाव आहे ‘इंडिया मार्क टू’. तो १९७० च्या दशकात घडवला गेला. आणि अभिमानाची गोष्ट अशी, की त्याची मुळं आपल्या महाराष्ट्रात आहेत. त्याआधी जालन्याला आणि सोलापूरला मजबूत हातपंप तयार झाले होते. सोलापूरच्या पंपावरूनच मार्क टू आकाराला आला.

याच्या पोटात, जमिनीखाली खोल पाण्यात एक नळकांडं असतं. त्यात एक दट्ट्या वर-खाली होतो. दट्ट्याला चामड्याच्या दोन वाट्या बसवलेल्या असतात. तुम्ही दांडा खाली दाबला की दट्ट्या वर येतो आणि वरचं पाणी उचलू लागतो. त्या पाण्याचा भार वाटीवर पडतो. तिच्या कडा बाहेर फाकतात आणि नळकांड्याला घट्ट चिकटतात. गंमत बघा, पाणी जितकं जोरानं निसटायला बघतं, तितकी वाटी जास्त घट्ट बसते! शत्रूच्याच जोरानं शत्रूला अडवणारा हा पहारेकरी.

पण वाटी झिजली की पाणी कडेनं खाली निसटतं. मग कितीही हापसा, नुसता खडखडाट. मार्क टू पंपात ही वाटी बदलायची तर खालचे सगळे पाइप वर ओढावे लागतात. हातभर दांडा, शंभर-दीडशे फूट पाइप, आणि सगळ्या गावाची तहान अडलेली असते ती तळहाताएवढ्या चामड्यापाशी.

घरच्या नळाचं गणितही करून पाहा. वायसर झिजून नळातून सेकंदाला एक थेंब गळतोय. दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणून थेंबही ८६,४००. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला सव्वाचार लिटरांहून जास्त आणि वर्षाला दीड हजार लिटरांहून जास्त पाणी गटारात! २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहरानं किती भीषण टंचाई सोसली, हे घरातल्या मोठ्यांना विचारा. मग त्या थेंबाचा आवाज वेगळाच ऐकू येईल.

सात अंतराळवीर आणि एक रबरी कडं

पहारेकऱ्याकडे दुर्लक्ष केलं की काय होतं, याची जगातली सर्वांत दुःखद गोष्ट अमेरिकेतली आहे.

२८ जानेवारी १९८६. चॅलेंजर हे अंतराळयान सात जणांना घेऊन निघालं. त्यात क्रिस्टा मॅकॉलिफ नावाच्या एक शाळेतल्या बाई होत्या. त्या अंतराळातून मुलांना धडा शिकवणार होत्या, म्हणून कितीतरी शाळांतली मुलं टीव्हीसमोर बसली होती. उड्डाणानंतर ७३ सेकंदांतच यानाचे तुकडे झाले. सातही जण गेले.

कारण काय निघालं? यानाच्या बाजूला असलेल्या रॉकेटचे भाग एकमेकांना जोडलेले होते. त्या सांध्यांत गोल रबरी कडी होती, आपल्या सिलिंडरमधल्या कड्याचीच मोठी भावंडं. त्या दिवशी कडाक्याची थंडी होती. तापमान दोन अंश सेल्सियसच्या आसपास. थंडीनं रबर कडक झालं, फट वेळेवर बुजली नाही आणि आतला जाळ बाहेर पडला. पुढं चौकशी समितीत रिचर्ड फाइनमन या शास्त्रज्ञानं सगळ्यांसमोर एक साधा प्रयोग केला. त्या रबराचा तुकडा चिमट्यात आवळून बर्फाच्या पाण्यात बुडवला. बाहेर काढून चिमटा सोडला, तर रबर चटकन पूर्ववत होईना!

पण खरी हळहळ पुढंच आहे. आधीच्या काही उड्डाणांतही ती कडी थोडीशी जळालेली आढळली होती. रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी आदल्या रात्री सांगितलंही होतं, की इतक्या थंडीत उड्डाण नको. म्हणजे मुका पहारेकरीसुद्धा बोलला होता. ऐकणाऱ्यांनी ऐकलं नाही.

रानातली सीलं

माणसाच्या कितीतरी आधी निसर्गानं सीलं बनवली. आणि त्यांचे नमुने पाहायला फार लांब जायला नको.

राखी धनेश हा लांब, वाकड्या चोचीचा पक्षी आपल्या विदर्भात दिसतो. अंडी घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा, माती यांचा गिलावा करून ढोलीचं तोंड आतून बंद करते. मध्ये राहते फक्त एक उभी फट. नर त्या फटीतून तिला फळं, किडे भरवतो. साप किंवा माकड मात्र आत शिरू शकत नाही. पिल्लं थोडी मोठी झाली की मादी स्वतःच सील फोडून बाहेर पडते.

तळ्यातल्या मोठ्या गोगलगाईच्या पायावर एक कडक झाकण असतं. उन्हाळ्यात तळं आटलं की ती चिखलात शिरते, अंग शंखात ओढून घेते आणि झाकण लावून टाकते. आतला ओलावा आतच. पाऊस येईपर्यंत हिची दीर्घ झोप! मधमाश्या पोळ्यातल्या मधातलं पाणी पंख हलवून आटवतात. मध पुरेसा घट्ट झाला की कप्प्यावर मेणाचं झाकण बसवतात. धावड्याच्या किंवा बाभळीच्या सालीला जखम झाली की डिंक पाझरतो आणि जखम बुजते. थंडीत लाडू खाताना आठवा, आपण झाडाचं सील खातोय!

आणि हो, सील नावाचा एक समुद्री प्राणीही आहे. नावाचा आणि या सीलाचा संबंध नाही, पण योगायोग पाहा. त्याच्या नाकपुड्या एरवी बंदच असतात. श्वास घ्यायचा असेल तेव्हा स्नायूंचा जोर लावून त्या उघडाव्या लागतात. म्हणजे सीलसुद्धा सीलबंद!

आपल्या अंगावरही सील आहे. गुडघा फुटला की रक्तातल्या बारीक बिंबिका धावत येऊन एकमेकींना चिकटतात, तंतूंचं जाळं विणलं जातं आणि वर खपली धरते. खाली नवी कातडी तयार होईपर्यंत खपली जंतूंना अडवते. तेव्हा खपली उचकटू नका. वेळेआधी सील तोडणं कधीच चांगलं नाही.

कुपीवरचा चौकोन

इंजेक्शनच्या औषधाची काचेची कुपी पाहिली आहे? तिच्या तोंडात रबराचं बूच असतं आणि वर ॲल्युमिनियमचं कडं आवळलेलं असतं. ॲल्युमिनियमचं कडं साक्षीदार, रबराचं बूच पहारेकरी. सुई आत जाते, बाहेर येते आणि रबर आपोआप मिटतं.

पोलिओच्या लसीच्या कुपीवर तर आणखी एक अद्भुत खूण असते. एक रंगीत वर्तुळ आणि त्याच्या आत फिकट चौकोन. लस थंड ठेवावी लागते. ती उष्णतेत राहिली की आतला चौकोन हळूहळू गडद होत जातो. चौकोन वर्तुळापेक्षा फिकट असेल, तर लस चालेल. वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला, तर कुपी बाद. कुणी कुपी उघडली का, हे हा साक्षीदार सांगत नाही. प्रवासात तिला किती ऊन सोसावं लागलं, ते सांगतो. अशा लाखो कुप्या गावोगाव, तांड्यातांड्यांवर पोचल्या, म्हणून २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं.

आणि तरीही ३१ जानेवारी २०२१ रोजी आपल्या जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या एका गावी काय घडलं? पल्स पोलिओच्या दिवशी पाच वर्षांखालच्या १२ मुलांना लसीऐवजी चुकून हातांना लावायच्या सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात दाखल करावं लागलं. सुदैवानं ती सगळी बरी झाली. लसीच्या कुपीवर चौकोन असतो, सॅनिटायझरच्या बाटलीवर नसतो. थेंब तोंडात पडण्याआधी एकाच माणसानं बाटली डोळ्यांसमोर धरली असती, तरी पुरलं असतं.

पालकहो, मुलांना औषध देताना हेच करा. झाकणाचं कडं तुटलेलं नाही ना? नाव तेच आहे ना? तारीख उलटली नाही ना? फार तर दहा सेकंदांचं काम!

पिशवी खालून फोडा

शेवटी आपल्या शेताकडे वळू. मृग जवळ आला की कृषी केंद्रांपुढं गर्दी होते. कपाशी, सोयाबीन, तूर. वर्षाची सगळी आशा त्या पिशव्यांत बंद असते. बोगस बियाणं निघालं, तर ते कळतं महिन्या-दोन महिन्यांनी. तोवर पेरणीचा हंगाम निघून गेलेला असतो.

म्हणून पिशवी घेतानाच पाहायचं. शिलाई उसवून पुन्हा घातल्यासारखी नाही ना? प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळं लेबल असतं आणि प्रमाणीकरण यंत्रणेचं सील असतं. इतर अनेक बियाण्यांवर उत्पादकाचं हिरवट लेबल असतं. लॉट क्रमांक, उगवणशक्ती, तारीख, सगळं त्यावर छापलेलं असतं. पक्की पावती घ्यायची आणि पावतीवरचा लॉट क्रमांक पिशवीशी जुळतो का, तेही पाहायचं. आणि जाणकारांचा एक फार शहाणपणाचा सल्ला आहे : पिशवी वरून फोडू नका, खालून फोडा. म्हणजे वरची शिलाई, लेबल आणि सील जसंच्या तसं राहतं. पेरून झाल्यावर पिशवीत मूठभर बी ठेवून ती पावतीसह जपून ठेवा. पुढं तक्रार करायची वेळ आली, तर हाच आपला साक्षीदार!

कीटकनाशकांच्या बाबतीत तर प्रश्न जिवाचाच असतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. जहाल औषधं, अनेक औषधांची एकत्र मिसळ, डोक्याएवढी वाढलेली कपाशी, अंगावर संरक्षक कपडे नाहीत, अशी अनेक कारणं पुढं आली. त्या घरांतली मुलं तुमच्याच वयाची होती.

म्हणून हे चार नियम घरात सगळ्यांना सांगा. एक, औषधाच्या बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो : लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्यानंतर पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवासुद्धा विषच, फक्त कमी जहाल. दोन, झाकणाखालचं चंदेरी सील दातांनी कधीच तोडायचं नाही. तीन, पाठीवरचा फवारणी पंप आधी साधं पाणी भरून तपासायचा. वायसर गळत असेल, तर औषध पाठीवर झिरपतं आणि कातडीतून अंगात शिरतं. चार, तोंडावरचा मास्क कडेनं नीट बसला पाहिजे. फट राहिली की मास्क असून नसल्यासारखा.

आजोबांना बारीक अक्षर दिसत नसेल. शेतावर कामाला येणाऱ्या काकूंना वाचता येत नसेल. तुम्हाला तर येतं! मग बाटली हातात न घेता, दुरूनच लेबल वाचून दाखवायचं काम तुमचं. ती उघडायचं काम मात्र मोठ्यांचं.

करून पाहा

एका चिठ्ठीची घडी घाला. दोऱ्यानं बांधा. गाठीवर ओल्या मातीची गोळी थापा आणि तिच्यावर नाणं किंवा पेनाचं टोपण दाबून ठसा उठवा. एक गोळी शेतातल्या काळ्या मातीची करा, दुसरी कुंभाराकडच्या मातीची. दोन्ही सावलीत वाळू द्या. आपली काळी माती वाळताना आकसते, तिला भेगा पडतात. तेव्हा कोणतं सील जास्त चांगलं टिकतं, ते पाहा आणि वहीत लिहून ठेवा. मग मित्राला सांगा, सील न मोडता चिठ्ठी वाचून दाखव! त्याला ते जमलं, तर तुमची गाठ चुकली. नाही जमलं, तर प्रभावती राणीची युक्ती तुम्हाला साधली.

आणि उद्या सकाळपासून घरात येणारी प्रत्येक वस्तू उघडण्याआधी क्षणभर थांबा. दुधाची पिशवी, औषधाची बाटली, बियाण्याचं पोतं. सील त्याचं काम करतच असतं. ते पाहायचं काम मात्र आपलं!